पहिली पाच मिनिटं: नव्या अ‍ॅपचा पहिला अनुभव कसा घडवायचा

अ‍ॅप तयार होत आलं की टीममध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ऑनबोर्डिंग राहिलंय." म्हणजे नव्या माणसाची अ‍ॅपशी पहिली ओळख करून देणं. मग घाईघाईत चार स्क्रीन बनतात. प्रत्येकीवर एक गोड चित्र, एक मथळा, खाली चार ठिपके आणि कोपऱ्यात 'वगळा'. लाँच होतं. लोक न वाचता 'वगळा' दाबतात, पुढच्या रिकाम्या स्क्रीनकडे क्षणभर बघतात आणि निघून जातात. टीमच्या बैठकीत मग चर्चा होते ती चित्रं बदलायची.

चित्रांनी फरक पडत नाही. नवा माणूस अ‍ॅपची ओळख करून घ्यायला आलेला नसतो, त्याचं काहीतरी काम अडलेलं असतं. ते काम, निदान त्याचा एक छोटा पण खरा तुकडा, पहिल्याच वापरात पार पडला पाहिजे. त्याच्या आड जे येईल ते एकतर काढून टाकायचं, नाहीतर नंतरवर ढकलायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्या एकाच गोष्टीसाठी आहेत.

हवेत बोलायला नको म्हणून एक काल्पनिक अ‍ॅप घेऊ: सामायिक खर्चाचा हिशेब ठेवणारं. चारजण मिळून सहलीला जातात, एकजण तिकिटं काढतो, दुसरी राहण्याचे पैसे भरते, आणि शेवटी कोणाकडून कोणाला किती येणं आहे ते अ‍ॅप सांगतं. साधं वाटतं, पण पहिल्या वापरात काय काय बिघडू शकतं ते दाखवायला झकास उदाहरण आहे.

आधी एक जुनी गोष्ट

लोक सूचना वाचत नाहीत ही तक्रार स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या लोकांचं निरीक्षण केलं होतं. १९८७ मध्ये त्यांनी मांडलेला विरोधाभास आजही तसाच लागू पडतो: मॅन्युअल वाचलं तर पुढे वेळ वाचेल हे कळत असूनही लोक वाचत नाहीत, कारण त्यांना हातातलं काम आत्ता संपवायचं असतं. हा आळस नाही. माणूस कामात गुंतलेला असतो, एवढंच.

कॅरोल यांचा त्याआधीचा, १९८४ चा एक प्रयोग मला जास्त उपयोगी वाटतो. नवशिक्यांच्या वर्ड प्रोसेसरमध्ये गोंधळात पाडणारी प्रगत फंक्शन्स त्यांनी बंद करून ठेवली. मेनूत ती दिसायची, पण निवडली तर 'हे सध्या उपलब्ध नाही' असा निरोप यायचा. लोक लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला. समजावून सांगणं एका शब्दानेही वाढवलं नव्हतं, फक्त चुकायच्या वाटा बंद केल्या होत्या. पहिला अनुभव घडवताना हा पर्याय हाताशी असतो हेच बहुतेक टीम विसरतात.

पायरी १: पहिलं यश एका वाक्यात लिहा

कागदावर हे वाक्य पूर्ण करा: 'नवा माणूस अमुक करतो आणि त्याला तमुक दिसतं.' आपल्या अ‍ॅपसाठी: 'नवा माणूस एक खर्च टाकतो आणि कोणाकडून त्याला किती येणं आहे ते दिसतं.'

दोन्ही भाग हवेत. 'खाते तयार करतो' हे यश नाही, कारण त्यातून त्याला काहीच मिळत नाही. 'प्रोफाइल पूर्ण करतो' हेही नाही. ते तुमचं काम आहे, त्याचं नाही. वाक्यातला 'दिसतं' हा भाग लिहिताना टीम अडखळली, तर समजा की प्रॉडक्ट नेमकं काय देतं यावरच अजून एकमत नाही. मग आधी ते भांडण मिटवा. स्क्रीन नंतर.

इथे मोठ्या कंपन्यांचे आकडे हटकून पुढे केले जातात. दहा दिवसांत सात मित्र जोडले गेले की माणूस टिकतो, हे फेसबुकचं सुरुवातीच्या काळातलं सूत्र तिथे वापरकर्ते वाढवण्याचं काम पाहिलेल्या चमथ पालिहापितिया यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. ऑफिसातल्या चॅटसाठीच्या स्लॅकने टीमसाठी दोन हजार मेसेजचा टप्पा धरला होता. हे आकडे ऐकायला छान वाटतात, पण त्यांची नक्कल करू नका. एक तर ते सवय लागल्याचे टप्पे आहेत, पहिल्या वापराचे नाहीत. दुसरं म्हणजे, जे टिकतात त्यांचे मित्र जास्त असतात म्हणून कोणालाही ओढून मित्र जोडायला लावलं तर तो टिकेलच असं नाही. शिवाय नव्या प्रॉडक्टकडे असला डेटा नसतोच. तुमच्याकडे आहे ते एवढंच: हे काम आज वहीत, स्प्रेडशीटमध्ये किंवा चॅटमध्ये करणारी माणसं. त्यांच्यापैकी काहीजणांना गाठा आणि शेवटच्या वेळी हे काम कसं केलं ते सविस्तर विचारा. 'तुम्हाला असं अ‍ॅप आवडेल का?' हे मात्र विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात.

पायरी २: माणूस कोणत्या दाराने येतोय ते बघा

एकच 'नवा वापरकर्ता' नसतो. आपल्या अ‍ॅपमध्ये निदान तीन तरी आहेत. स्टोअरवर शोधून आलेला, ज्याला अजून अ‍ॅपवर विश्वास नाही. आधी दुसरं अ‍ॅप वापरलेला, ज्याला जुना हिशेब आत आणायचाय. आणि मैत्रिणीने लिंक पाठवली म्हणून आलेला, ज्याने हे अ‍ॅप निवडलेलंच नाही.

तिसऱ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि गटाने वापरायच्या प्रॉडक्टमध्ये संख्येने तोच जास्त असतो. त्याच्या मनात तीन प्रश्न असतात: लिंक कोणी पाठवली, हा कशाचा हिशेब आहे, आणि माझ्याकडून किती निघतं? त्याला 'खर्चाचं व्यवस्थापन आता सोपं!' ही स्क्रीन दाखवणं म्हणजे विचारलं एक आणि सांगितलं भलतंच. त्याची पहिली स्क्रीन अशी असावी: 'मीराने तुम्हाला सहलीच्या हिशेबात जोडलं आहे. तुमचा वाटा इतका.' खाली एक बटण: 'हिशेब बघा'.

यात एक तांत्रिक खड्डा आहे. लिंक दाबली, स्टोअर उघडलं, अ‍ॅप डाउनलोड झालं, उघडलं, आणि लिंक कुठल्या गटाची होती ते मधल्यामध्ये हरवलं. माणूस थेट सर्वसाधारण स्वागताच्या स्क्रीनवर. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या इन्स्टॉल रेफररमधून (डाउनलोड कुठल्या लिंकवरून झालं ते सांगणारी सोय) ही माहिती अ‍ॅपपर्यंत नेता येते. आयफोनवर तसा थेट मार्ग नाही, म्हणून 'लिंक पुन्हा एकदा दाबा' किंवा छोटा कोड टाकायची सोय ठेवावी लागते. माझ्या मते आणखी चांगला उपाय म्हणजे हिशेब आधी ब्राउझरमध्येच दाखवणं. अ‍ॅप घ्यायचं की नाही ते त्याला आकडा बघून ठरवू दे.

पायरी ३: पहिल्या यशापर्यंतच्या सगळ्या स्क्रीन लिहून काढा

ज्या फोनवर अ‍ॅप कधीच टाकलं नव्हतं असा फोन घ्या. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा. स्टोअरच्या पानापासून पहिल्या यशापर्यंत जा. मग रेकॉर्डिंग थांबवत थांबवत प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक रकाना आणि घ्यावा लागलेला प्रत्येक निर्णय एका ओळीत लिहा. आपल्या अ‍ॅपची पहिली आवृत्ती साधारण अशी निघेल:

भाषा निवडा. चार ओळख-स्क्रीन. ईमेल. पासवर्ड. पासवर्ड पुन्हा. ईमेलमधला कोड. नाव. फोटो. नोटिफिकेशनची परवानगी. संपर्क वाचायची परवानगी. चलन. गटाचं नाव. गटाचा प्रकार. सदस्य जोडा. आणि मग कुठे 'खर्च टाका'.

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे केल्याशिवाय पहिलं यश खरोखर अशक्य आहे का? 'मार्केटिंगला हवंय' हे उत्तर चालणार नाही. भाषा आणि चलनाचा अंदाज फोनच्या सेटिंगवरून बांधता येतो, चुकला तर बदलायची सोय ठेवायची. फोटोची गरज नाही. गटाचं नाव नंतर देता येईल. सदस्यांची नुसती नावं पुरेत, त्यांचे नंबर कशाला? ईमेल आणि पासवर्ड तर हिशेब जपून ठेवायची वेळ येईपर्यंत लागतच नाहीत. उरतं काय? 'कोणाकोणात?', 'कोणी किती भरले?' आणि उत्तर. बाकी सगळं त्यानंतर.

खातं उघडायची सक्ती किती महाग पडते याचा प्रसिद्ध दाखला वापरसुलभतेचे अभ्यासक जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिला. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी नोंदणी करावी लागायची. डिझायनरनी 'नोंदणी करा' हे बटण काढून 'पुढे चला' असं बटण ठेवलं आणि खरेदीसाठी खातं लागत नाही असं एका ओळीत लिहिलं. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात तीस कोटी डॉलरची जादा विक्री झाली. भाषा शिकवणारं ड्युओलिंगोही आधी धडा करू देतं आणि खात्याचं नंतर विचारतं. तोवर जपून ठेवावं असं काहीतरी माणसाच्या हातात आलेलं असतं.

पण 'खातं नंतर' हा निर्णय एकट्या डिझायनरने घेऊन भागत नाही, तो डेटाबेसपर्यंत जातो. पाहुण्यालाही पहिल्या क्षणापासून तात्पुरती ओळख द्यावी लागते आणि पुढे ती खात्याला जोडावी लागते. मग अवघड प्रसंग येतो: पाहुणा म्हणून खर्च टाकले, नंतर नंबर दिला, आणि त्या नंबरवर आधीच एक खातं निघालं. आता दोन हिशेब एकत्र करायचे की एक टाकून द्यायचा? याचं उत्तर पहिल्या आठवड्यातच ठरवा. लाँचनंतर ठरवलं तर कोणाचा तरी हिशेब गायब होणार हे नक्की.

आणि खातं सुरुवातीलाच लागतं अशीही प्रॉडक्ट असतात. बँकेचं अ‍ॅप, वैद्यकीय नोंदी, चॅट. तिथे सक्ती टाळता येत नाही, पण ती आखूड करता येते. व्हॉट्सअ‍ॅप सुरुवातीपासून फक्त फोन नंबर मागत आलं: पासवर्ड नाही, युजरनेम शोधणं नाही. तोच नंबर माणसाची ओळख, आणि फोनमधल्या संपर्कांमुळे बोलायला कोण कोण आहे तेही लगेच दिसतं.

फॉर्म लावावाच लागला तर बारीकसारीक गोष्टींकडे बघा, कारण माणसं तिथेच अडकतात. ओटीपीच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडला पाहिजे आणि मेसेजमधला कोड आपोआप भरला गेला पाहिजे. सहा वेगळे चौकोन दिसायला छान असतात, पण पेस्ट केलेला कोड पहिल्याच चौकोनात अडकत असेल तर एकच लांब रकाना बरा. नावासाठी एक रकाना ठेवा. 'आडनाव आवश्यक आहे' हा निरोप आडनाव न लावणाऱ्या माणसाला बाहेरचा रस्ता दाखवतो. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह ही सक्ती सोडून द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच २०१७ च्या मार्गदर्शनात अशा नियमांना नकार दिला, लांबीला महत्त्व दिलं आणि पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं सांगितलं. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहू नका. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं आणि आपण काय भरत होतो तेच माणूस विसरतो.

पायरी ४: रिकाम्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त वेळ घाला

टीमच्या लॅपटॉपवर अ‍ॅप कधीच रिकामं नसतं. डिझाइनच्या फाइलमध्ये तर सुंदर नावांचे बारा गट आणि रंगीत आलेख असतात. नव्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं, 'अद्याप कोणतीही नोंद उपलब्ध नाही.' ही ओळ डेव्हलपरने दुसरं काही सुचलं नाही म्हणून टाकलेली असते आणि कोणी बदललेली नसते.

तीच जागा अशी करून बघा. वर प्रश्न: 'शेवटचा खर्च कोणी केला?' खाली दोन रकाने, नाव आणि रक्कम. त्याखाली 'आणखी कोण कोण होतं?' नावं टाइप होतील तसा प्रत्येकाचा वाटा तिथल्या तिथे बदलत जातो. अजून कुठलंही बटण दाबलेलं नाही आणि अ‍ॅप काय करतं ते कळूनही गेलं. एकही टूलटिप, म्हणजे बटणाशेजारी उगवणारी छोटी सूचना, लागली नाही.

ज्या प्रॉडक्टमध्ये असा एका प्रश्नाने आरंभ होत नाही, तिथे तयार नमुने द्यावेत. डिझाइन किंवा कागदपत्रांच्या साधनांना हे चांगलं जमतं: कोऱ्या पानापेक्षा अर्धवट भरलेलं पान दुरुस्त करणं कोणालाही सोपं जातं. नमुन्याचा डेटा हा तिसरा मार्ग, पण त्याबाबत माझा हात जरा आखडता आहे. खोटे खर्च खऱ्यात मिसळतात, बेरजेत शिरतात, आणि ते कसे पुसायचे हे शोधणं हेच माणसाचं पहिलं काम होऊन बसतं. ठेवायचाच असेल तर वेगळ्या गटात ठेवा, त्यावर ठळक 'नमुना' लिहा, आणि पहिली खरी नोंद झाली की तो आपणहून बाजूला जाऊ द्या.

पायरी ५: शिकवायचं ते कामाच्या ओघात

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आठवा. पहिल्या पातळीत एक शब्दही सूचना नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते कळलं. मग समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मारिओ मरतो, पण खेळ नुकताच सुरू झालाय, गमावलेलं काहीच नाही. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून परत मारिओकडेच येतं. त्या अरुंद जागेत ते टाळणंच कठीण. अंगाला लागलं की मारिओ मोठा होतो आणि 'हे चांगलं असतं' हा धडा पूर्ण. खेळाचे निर्माते शिगेरु मियामोतो यांनी ही रचना मुद्दाम कशी केली ते पुढे स्वतः उलगडून दाखवलं आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मायक्रोसॉफ्टचा क्लिपी. ऑफिस ९७ मध्ये आलेली ती कागदाची क्लिप पत्र लिहायला घेतलं की मध्येच उगवायची आणि 'मदत करू का?' विचारायची. कितीही वेळा नको म्हणा, पुन्हा हजर. ऑफिस एक्सपीत ती मुळात बंद ठेवली गेली आणि ऑफिस २००७ मधून गेलीच. मदत करण्याची कल्पना वाईट नव्हती. वेळ वाईट होती, आणि नकार लक्षात ठेवायची तयारी नव्हती.

म्हणून टूलटिपचे नियम कडक ठेवा. एका वेळी एकच. माणूस त्या जागी पोचला की मगच. एकदा बंद केली की कायमची बंद. आपल्या अ‍ॅपमध्ये 'असमान वाटणी' हे फीचर पहिल्या खर्चाच्या वेळी दाखवायचं कारण नाही. कोणी दोनदा-तीनदा वाटा हाताने बदलला की तेव्हा एक ओळ दाखवा: 'दर वेळी हाच हिस्सा ठेवायचा?' गरज समोर उभी असताना दिलेली माहिती लक्षात राहते. एकेका बटणाकडे बाण दाखवत फिरवून आणणारी सात बाणांची सफर कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि तिच्या प्रत्येक वाक्यात कुठल्या ना कुठल्या विभागाचा हट्ट दडलेला असतो.

कामांची यादी दाखवायचा प्रकारही सध्या फार दिसतो: 'पाचपैकी दोन पूर्ण'. त्यामागे ठोस कारण आहे. न्युन्स आणि ड्रेझ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी धुण्याच्या केंद्रावर दोन प्रकारची कार्डं वाटली होती. एकावर आठ शिक्के हवे होते, दुसऱ्यावर दहा, पण त्यातले दोन आधीच मारून दिलेले. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यात ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे जातो. मात्र यादीत त्याच्या कामाच्याच गोष्टी हव्यात. 'आम्हाला पाच तारे द्या' ही पायरी त्यात घुसवली की यादीचा हेतू उघडा पडतो.

पायरी ६: परवानग्या मागण्याची वेळ सांभाळा

इथे चूक सुधारायची संधी जवळजवळ मिळत नाही. आयफोनवर नोटिफिकेशन, कॅमेरा वगैरेंसाठी सिस्टिमची चौकट एकदाच दिसते. नकार दिला की पुढे माणसाला स्वतः सेटिंग्जमध्ये जावं लागतं. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाकारलेली परवानगी पुन्हा विचारता येत नाही, आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनलाही परवानगी लागते. तरीही अ‍ॅप उघडताक्षणी तीन चौकटी फेकणारी मंडळी आहेतच.

परवानगी त्या क्षणी मागा जेव्हा तिचं कारण स्क्रीनवरच दिसतंय. पावतीचा फोटो घ्यायला बटण दाबलं की कॅमेरा. पहिला खर्च टाकून गट इतरांना पाठवला की नोटिफिकेशन, आणि आधी आपली एक साधी ओळ: 'कोणी पैसे परत केले की कळवू का?' खाली 'हो' आणि 'आत्ता नको'. 'आत्ता नको' म्हटलं तर सिस्टिमची चौकट उघडायचीच नाही, म्हणजे ती संधी शिल्लक राहते. संपर्कांची परवानगी नाकारली तरी नावं हाताने टाइप करून काम पुढे गेलं पाहिजे. नकारानंतर अ‍ॅप रुसून बसत असेल, तर ती परवानगी नावापुरतीच होती.

पायरी ७: भाषा, स्पर्श आणि वेग

थोडक्यात सांगतो, कारण हे नियम पहिल्या वापरापुरते नाहीत. बटणावर क्रियापद लिहा: 'सबमिट'पेक्षा 'खर्च जोडा'. चूक झाल्याच्या निरोपात काय झालं आणि आता काय करायचं, दोन्ही सांगा. 'काहीतरी चुकले' यात दोन्ही नाहीत. स्पर्शाची जागा पुरेशी ठेवा. अ‍ॅपल ४४ पॉइंट आणि गुगल ४८ डीपी सुचवतं (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून आणि स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सुरू करून पहिलं यश गाठता येतं का ते बघा. वेगाचे जुने टप्पे अजून खरे आहेत: ०.१ सेकंदापर्यंत प्रतिसाद तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. पहिल्यांदा अ‍ॅप उघडताना सगळा डेटा उतरवत बसलात तर ते १० सेकंद तिथेच संपतात.

पायरी ८: पाच माणसांसमोर गप्प बसा

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या मांडणीनुसार पाच माणसांबरोबर केलेल्या चाचणीत वापराच्या साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. एकाच वेळी पंधरा जणांना बोलावण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या वेळात दुरुस्त्या करा, असंही त्यांनीच सुचवलं. पहिल्या वापराच्या चाचणीला एक अट जास्त आहे: एक माणूस एकदाच चालतो. दुसऱ्यांदा तो नवा राहत नाही.

काम सांगताना परिस्थिती सांगा, बटणाचं नाव घेऊ नका. 'नवीन गट तयार करा' असं म्हटलं की उत्तर तुम्हीच दिलंत. असं म्हणा: "काल तुम्ही तिघांची तिकिटं काढलीत. आता तुमचे पैसे कोणाकडून किती यायचे ते या अ‍ॅपमध्ये बघा." मग गप्प. हे सगळ्यात अवघड. अंगठा बटणाच्या वर अधांतरी थांबतो, सरकतो, परत येतो, आणि तुमच्या तोंडातून "ते खाली..." निघायला बघतं. निघू देऊ नका. अंगठा थांबला ती जागा आणि तेव्हा तोंडातून निघालेले शब्द वहीत लिहा. 'हे सेव्ह झालं का?' असं कोणी पुटपुटलं, तर तिथे सेव्ह झाल्याचं दिसत नाही. 'हे सगळ्यांना दिसणार का?' हा प्रश्न आला तर तो विश्वासाचा आहे, आणि त्याचं उत्तर मदत केंद्रात नाही, त्याच स्क्रीनवर हवं. कोणी "हे कशाला विचारतायत?" म्हणालं तर तो रकाना उडवा.

कोणी "मला जमत नाही हो यातलं" असं ओशाळून म्हणालं की त्या माणसाला सांगा, परीक्षा अ‍ॅपची चाललीय. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं ठेवू नका.

पायरी ९: मोजा, पण योग्य ते

'किती लोकांनी सफर पूर्ण केली' हा आकडा निरुपयोगी आहे. मोजायचं ते असं: किती जणांनी पहिलं यश गाठलं, त्याला किती वेळ लागला, आणि गाठणारे दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी परत आले का. हे आकडे प्रत्येक दारासाठी वेगळे काढा. लिंकवरून आलेले आणि स्टोअरवरून आलेले एकत्र केले की सरासरी दोघांबद्दलही खोटं सांगते.

एक फसवी सुधारणा ओळखून ठेवा. साइन-अप मागे ढकललं की पहिलं यश गाठणारे वाढतात, पण नंबर न देताच निघून जाणारेही वाढतात आणि त्यांना परत बोलवायचा मार्ग उरत नाही. फक्त पहिला आकडा बघितला तर सगळं झकास दिसेल. म्हणून खात्याची विचारणा कुठल्या क्षणी येते ते वेगवेगळ्या जागी लावून बघावं लागतं. आपल्या अ‍ॅपमध्ये ती जागा बहुधा हिशेब दुसऱ्याला पाठवतानाची, कारण तिथे नंबर देण्याचं कारण माणसाला स्वतःहून पटतं.

लाँचनंतर

पहिला अनुभव हळूहळू कुजतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दर रिलीजला एखादी चौकट वाढते, एखादा बॅनर येतो, संमतीचा आणखी एक खोका येतो. टीममधले सगळे महिनोन्महिने लॉग-इन असतात, त्यामुळे त्या स्क्रीन त्यांना दिसतच नाहीत. यावर दोन साधे उपाय. एक, टीमपुरत्या आवृत्तीत 'मला नवा वापरकर्ता करा' असं बटण टाकून ठेवा, जे डेटा, परवानग्यांबद्दलच्या नोंदी, बंद केलेल्या टूलटिप्स सगळं पुसून अ‍ॅप कोरं करेल. दोन, प्रत्येक रिलीजआधी एकाने, आणि दर वेळी वेगळ्याने, कोऱ्या फोनवर स्टोअरपासून पहिल्या यशापर्यंत जाऊन रेकॉर्डिंग टीमच्या चॅटमध्ये टाकायचं. पायरी ३ मधली यादी तिथेच शेजारी ठेवा. नवी ओळ वाढलेली दिसली की ती कोणी आणि कशासाठी वाढवली, हे त्याच दिवशी विचारा.